जिन्याखालचं माजघर

रुचिताच्या नव्या घराचा हॉल एवढा ऐसपैस होता, की त्यात कबड्डीचं मैदान आखलं असतं तरी टाळ्या वाजवणाऱ्यांना कडेनं जागा उरली असती. पायाखाली आरशासारखी लादी, वर पीओपीचं नक्षीकाम, त्यात निळे-जांभळे दिवे, आणि भिंतीला टेकून मोरपिशी रंगाचा सोफा. तो सोफा निवडायला आईनं पेणच्या दुकानात अख्खी दुपार घालवली होती. दुकानदार शेवटी पाणी पिऊन खुर्चीत बसला, पण आई बसली नाही. हा लय मऊ, तो लय उंच, असं करत करत तिनं हाच धरला. आणि एवढं सगळं करून, वास्तुशांतीला आठ महिने झाले तेव्हा त्या घरातल्या आणि शेजारच्या समस्त बायका जिन्याखाली बसत होत्या.

जिन्याखाली म्हणजे खरोखर जिन्याखाली. इंजिनीयरनं ती जागा इन्व्हर्टर आणि चपलांसाठी काढली होती. आता तिथे एक चटई होती, भिंतीला कालनिर्णय होतं, टेबलावरचा छोटा पंखा होता, आणि उठताना डोकं आपटू नये म्हणून पायरीच्या कडेला आईनं जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकली होती.

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रुचिताचं जुनं घर याच जागेवर होतं, चार खोल्यांचं, कौलारू. त्या घराची एक गंमत होती. कुणी किती आत यायचं हे कुणालाच सांगावं लागत नसे, घरच सांगायचं. वीजबिलवाला पायरीशी थांबायचा. गावातले पुरुष पडवीत टेकायचे. नातेवाईक माजघरापर्यंत यायचे. आणि मागच्या चुलीपाशी फक्त अशीच माणसं पोचायची, ज्यांच्यासमोर आई केस मोकळे सोडून, पाय पसरून कोलंबी सोलू शकत होती.

मग रुचिताच्या बाबांचा ट्रेलर नीट चालायला लागला आणि नवं घर बांधायचं ठरलं. पेणहून आलेल्या इंजिनीयरनं लॅपटॉप फिरवून दाखवला. "आता सगळं ओपन चालतं," तो म्हणाला. "भिंती कोण घालतं? हॉल, डायनिंग, किचन, सगळं एक. घर मोठं दिसतं." बाबांना मोठं दिसणारं घर हवंच होतं. त्यामुळे आता दारात उभं राहिलं की कढईतल्या कोलंब्या मोजता याव्यात इतकं सगळं उघडं होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बाबा बंदरातून कंटेनर उचलून गुजरात, राजस्थान करायचे. गेले की सहा-सहा, आठ-आठ दिवस पत्ता नाही. म्हणून त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात, अगदी छताला, एक कॅमेरा बसवला. अंड्याएवढा पांढरा, मान वळवणारा, पोटात हिरवा दिवा. आणि तो नुसता बघायचा नाही, बोलायचाही.

"रुचे, पंखा बंद कर." हे भरूचहून.

"टीव्हीचा आवाज कमी करा गो." हे उदयपूरहून.

एकदा शेजारची सखुबाई हॉलमध्ये सुपात जवळ्याची सुकट निवडत बसली होती. ही सखुबाई पंचाहत्तरीची, पण गावातली कुठलीही बातमी तिच्या सुपातून पाखडून गेल्याशिवाय पुढे जात नसे. ती आईला काहीतरी रंगात येऊन सांगत होती, तोच वरून आवाज आला, "सखुबाय, बरी हायस ना?"

सूप उडालं. जवळा सोफ्याखालून टीव्हीखालपर्यंत पसरला.

"माजा म्हातारा गेला," सखुबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "त्यानं पन कदी वरून हाक न्हाय मारली. ह्यो तुजा नवरा जिता आसून मारतो."

बाबा वरच्या वर हसले. ते हसणंही छतातून आलं, आणि सखुबाईनं सूप उचलून सरळ जिन्याखाली नेलं. तिथे कॅमेऱ्याची मान पोचत नव्हती. माजघराची स्थापना झाली ती अशी.

पण आईचं मोठं दुखणं बाबा नव्हते. नवऱ्याचं बघणं आवडलं नाही तरी खपवून घेता येतं. कॅमेरा बसवणाऱ्यानं विचारलं होतं, कुणाकुणाच्या फोनवर टाकू? बाबा ऐटीत म्हणाले होते, "माज्या. आनि दादाच्या. मी बाहेर आसतो, घरावर मोठ्या मानसाची नजर पायजे." दादा म्हणजे बुधाजीकाका, बाबांचे थोरले भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचे.

म्हणजे आईचे मोठे दीर. आणि मोठ्या दिरासमोर आई काय काय करत नसे? खुर्चीवर बसत नसे. मोठ्यानं हसत नसे. पदर डोक्यावरून खाली येऊ देत नसे. त्यांच्याशी थेट बोलायची वेळ आली तर भिंतीशी बोलल्यासारखं बोलायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि काकांनीही कधी मागितलं नव्हतं. पण लग्नापासूनची वीस वर्षांची सवय होती. जुन्या घरात हे दिवसातून दहा मिनिटं करावं लागे. काका संध्याकाळी पडवीत चहाला यायचे तेवढं. आता काका चोवीस तास छतात होते.

त्यात पहिल्याच आठवड्यात काका फोनवर बाबांना म्हणाले होते, "काल तुज्या घरी बायकांची लय गर्दी होती रं." बाबांनी ते आईला सांगितलं, आणि आईनं त्या क्षणापासून हॉलमध्ये पदर घेतला. भाजी चिरताना पदर, लादी पुसताना पदर. आणि तो मोरपिशी सोफा? त्यावर आई आठ महिन्यांत एकदाही बसली नव्हती. त्याची धूळ मात्र रोज झटकायची.

रुचिताला हे बघवत नसे. ती नववीत होती, शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान होती, आणि यंदा तालुक्याला ढाल जिंकून आल्यापासून तिचं असं मत झालं होतं, की तोंड उघडून बोललं तर जगातलं निम्मं काम तिथंच होतं. तिनं आधी शास्त्र वापरलं. बाबा घरी असताना त्यांचा फोन घेऊन कॅमेरा नेमका कुठवर बघतो ते तपासलं आणि लादीवर खडूनं रेघ मारली. फ्रिजच्या डाव्या कडेपासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.

"हितपर्यंत आपण त्यांच्या अंगणात," तिनं आईला समजावलं. "रेघेपलीकडे आपलं."

त्या दिवसापासून आई हातात पातेलं घेऊन रेघ ओलांडायची आणि ओलांडता ओलांडता एका हातानं पदर खांद्यावर टाकायची. परत येताना पुन्हा डोक्यावर. अशी दिवसातून पन्नास वेळा. सखुबाई म्हणायची, "ही तर चढाईला चाललेय."

"आये, तू काकांना सांग ना सरळ."

"येडी हायस काय? दिराला काय सांगू, माज्याकडे बघू नका?"

ते खरंच सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मग एका रविवारी सकाळी रुचिता स्वतःच निघाली.

बुधाजीकाका त्यांच्या पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. काकी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा-सून नोकरीपायी पनवेलला. घरात काका आणि त्यांचा रेडिओ. रुचिता समोर उभी राहिली आणि दम न घेता म्हणाली, "काका, तुमच्या मोबाईलमधला आमच्या घराचा कॅमेरा काढून टाका. माझी आई सोफ्यावर बसत नाही."

काकांनी जाळ्यातून मान वर केली. "कुटला कॅमेरा?"

"तो बाबानं टाकलेला. तुम्ही बघता ना त्यात."

काकांनी चश्मा पुसला, खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "दाव बरं मना. कुटं हाय त्यो?"

रुचितानं शोधलं. कॅमेऱ्याचं चिन्ह तिसऱ्या पानावर, हवामान आणि कंपासच्या मधोमध पडून होतं. त्यावर न बघितलेल्या सूचनांचा आकडा नऊशेच्या वर गेला होता. तिनं उघडलं, तर त्यानं पहिल्या दिवसाचा पासवर्ड मागितला.

"काका, तुम्ही हे कधी उघडलंच नाही?"

"तुज्या बाबानं बोट लावून दिलं, मी बरं बोललो. मना आपलं फोन उचलाया येतो, बास झालं."

"मग तुम्ही म्हणाला होतात ना बाबाला, बायकांची गर्दी होती म्हणून?"

"आगो, दारात चपला व्हत्या. रस्त्यानं चाललो व्हतो, मोजल्या. नऊ जोड." काकांनी पुन्हा सुई हातात घेतली, पण टाका घातला नाही. "मी कशाला बघू तुमच्या घरात?"

रुचिताला हसू आवरेना. पण काका हसत नव्हते. म्हणून तिनं विचारलं, "मग तुम्ही चहाला येत का नाही हल्ली? आधी रोज यायचात."

काका बराच वेळ गाठ शोधत राहिले.

"कुटं येऊ?" ते म्हणाले. "आदी पडवी व्हती. पायरी चढताना खाकरायचं, आत कलायचं दादा आयले. तुजी आय चा ठेवायची. मी पडवीत बसायचो, ती आत. दोगंबी सुखात. आता तुमचं दार उगडलं की डायरेक तुजी आय चुलीपाशी दिसते. खाकरू कुटं? रस्त्यावर? एकदा आयलो व्हतो. दारातनंच फिरलो."

रुचिता घरी आली ती धावतच. जिन्याखाली आई, सखुबाई आणि आणखी दोघी वाल सोलत बसल्या होत्या. तिनं खाली वाकून सगळं एका दमात सांगितलं. नऊशे सूचना, पासवर्ड, नऊ जोड चपला.

आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आठ महिने मी त्या हिरव्या दिव्याला पदर घेतला?"

सखुबाई आधी हसली. मग आई. इतकी हसली की तिचं डोकं वर पायरीला लागलं, गोधडी होती म्हणून वाचलं. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "आनि त्यांना वाटलं आपल्याला यायला जागा न्हाय. मना वाटलं, नवं घर बांदलं म्हनून रागावले."

"झालं तर मग," रुचिता म्हणाली. "चल, सोफ्यावर बस."

पण आई उठली नाही. "तुजा बाबा हाय ना अजून वरून बघत."

"त्याला सांगू, काढ म्हणून."

"न्हाय सांगायचं." आईनं वालाची साल वेगळी केली. "तो एकटा आसतो गो रस्त्यावर. त्याला तेवडंच."

आता यावर कप्तानानं काय करावं? आईला बसायचं होतं, आणि बाबांना दुखवायचंही नव्हतं. रुचितानं दोन दिवस विचार केला आणि काहीच सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, रुचिता शाळेतून आल्यावर, बाबा स्वतःच आले. न सांगता. ट्रेलर हायवेला लावून कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून.

झालं होतं असं, की सकाळपासून ते छतातून विचारत होते, "घरात कुनी हाय का?" आणि जिन्याखाली मिक्सर चालू होता, त्यात ना ती हाक ऐकू गेली ना फोन.

बाबा आत आले. चकचकीत लादी, निळे-जांभळे दिवे, आणि माणूस नाही. ते सोफ्यावर बसले. मग त्यांना खळखळून हसण्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी छताकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि शेवटी मोठ्यानं हाक मारली.

जिन्याखालून आधी रुचिता निघाली. मग आई. मग शेजारची मनुबाई, हातात खोबऱ्याची वाटी. मग तिची सून. सगळ्यात शेवटी सखुबाई, गुडघ्यावर हात टेकत, पानाचा डबा काखेत.

एरवी ते यायचे तेव्हा आधी फोन असायचा आणि चटई-पंखा उचलून ठेवलेला असायचा; आज बाबा बघतच राहिले. मग उठून जिन्याखाली वाकले. चटई बघितली, पंखा बघितला, कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहिलेले बघितले. आत शिरून मांडी घालून बसले सुद्धा. त्यांचं डोकं गोधडीला लागत होतं.

"मग ह्यो हॉल मी कुनासाठी बांदला?" आतून आवाज आला.

"कॅमेऱ्यासाठी," सखुबाई म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली. जाताना बाकीच्यांनाही घेऊन गेली. एवढं तिला कळत होतं.

रुचितानं ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही. ती बाबांना ओलांडून आत, त्यांच्या समोर जिन्याखालीच बसली. आई फ्रिजला टेकून उभी. रुचितानं काकांचं सांगितलं, पदराचं सांगितलं, सोफ्याचं सांगितलं. खडूची रेघ दाखवली. बाबा रागावतील असं तिला वाटत होतं, पण ते ऐकताना पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिले.

"मी काय पहारा ठेवत न्हवतो," ते शेवटी म्हणाले. आईला म्हणाले, रुचिताला नाही. "धाब्यावर ताट आयलं की मोबाईल समोर ठेवायचो. तुमीबी त्याच टायमाला जेवता ना. म्हटलं, सगल्यांच्या बरोबर जेवलो आसं वाटंल."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय. आठ महिने सोफ्याच्या बरोबर जेवतोय."

आईनं तोंडाला पदर लावला. या वेळी तो कुणासाठी म्हणून नव्हता, हसू लपवायला होता.

"बाबा," रुचिता म्हणाली, "तू आम्हाला बघतोस, पण आम्ही तुला बघत नाही. तू काय जेवतोस, दाढी केलीस का, काही दिसत नाही. त्यापेक्षा फोन कर ना. व्हिडिओवाला. आम्ही उचलला की बघ. आम्ही पण बघू."

"आनि न उचलला तर?"

"तर आम्ही कामात असू. परत कर."

बाबांनी आईकडे बघितलं. "तू का न्हाय बोललीस?"

"तुला दुसरं काय होतं तितं," आई म्हणाली.

रुचिताला पहिल्यांदाच वाटलं की आपण इथून उठायला हवं, पण तिघांत सगळ्यात आत तीच अडकली होती. शेवटी बाबाच बाहेर आले. स्टूल घेतलं, चढले, आणि कॅमेरा काढला. काढताना पीओपीचा एक टवका पडला, त्याबद्दल स्वतःलाच काहीतरी बोलले. अंडं बाहेर फाटकावर लागलं, तोंड रस्त्याकडे. "ट्रेलर उबा आसला की दिसंल," बाबा म्हणाले. कुणी वाद घातला नाही.

मग त्यांनी आठवडाभराची सुट्टी काढली. इंजिनीयरला फोन केला, तर तो म्हणाला, पडवी घातली की घराचं समोरचं रूप, एलिव्हेशन, बिघडेल. बाबा म्हणाले, बिघडू दे. गावातलाच गवंडी बोलावला. दारासमोर आठ फूट रुंद ओटा झाला, वर पत्रा, एका बाजूला लाकडी बाकडं. आणि दाराच्या आत, ओट्यावरून थेट चूल दिसू नये म्हणून, सुतारानं सागाच्या पट्ट्यांची उभी जाळी बसवली. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं नुसतं हलताना कळायचं. आईनं ती जाळी दहा वेळा बाहेर जाऊन तपासली. रुचिताला चुलीपाशी उभं करायची आणि ओट्यावरून ओरडायची, "हात वर कर. आता दिसला. आता न्हाय."

पत्र्याला रंग लागायच्या आधीच बुधाजीकाका आले. पायरीवर खाकरले. आतून आईनं विचारलं, "साकर किती?" तेही रुचिताकरवी न विचारता थेट, फक्त जाळीच्या आडून. काका म्हणाले, "पयल्यासारकी." आणि बाकड्यावर बसून त्यांनी गावातल्या प्रत्येक नव्या घराला कशी पडवी हवी होती आणि नाही, यावर बाबांचं तासभर डोकं खाल्लं.

आई त्याच संध्याकाळी सोफ्यावर बसली. आधी कडेवर, मग मागे टेकून, मग पाय वर घेऊन. "लय मऊ हाय," ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी. जिन्याखालची चटई कुणी गुंडाळली नाही. सखुबाईच्या मते काही बातम्या उंच छताखाली सांगण्यासारख्या नसतातच.

बाबा गेले, आणि चौथ्या दिवशी जेवायच्या वेळेला पहिला फोन आला. वापीजवळच्या कुठल्याशा धाब्यावरून. आईचे हात पिठात होते, तिनं तो वाजू दिला. रुचिता उचलायला धावली तर म्हणाली, "राहू दे. करंल परत." दहा मिनिटांनी परत आला. आईनं हात धुतले, केस नीट केले, मग उचलला आणि सोफ्यावर बसली.

"काय करत होतीस?" पडद्यावर बाबा, मागे ट्रकांची रांग, पुढे दाल-रोटी.

"काय न्हाय," आई म्हणाली.

"काय न्हाय म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाय."

बाबांनी एक घास घेतला. "बरं," ते म्हणाले, आणि हसले.

रुचिता आईला खेटून बसली होती, मान पडद्यात घालून, दाल पातळ आहे का घट्ट ते बघत. आईनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग पुन्हा एकदा.

"माझा भूगोल राहिलाय," रुचिता म्हणाली.

"मग कर ना."

पुस्तक घेऊन ती ओट्यावर आली आणि येताना दारही ओढून घेतलं. बाकड्यावर पाय पसरले. नकाशातल्या नद्या भरायच्या होत्या. तापीपर्यंत ती पोचली आणि आतून आई खुदकन हसली, कशावरून कोण जाणे. रुचितानं नर्मदा कुठून निघते ते पुन्हा वाचलं. आई अजून हसतच होती.